युरोपच्या हरितगृह वायूंत शेतीचा टक्का: आधी घटला, मग वाढला. असं का?

आकडेमोड (धागाकर्ता)

युरोपातल्या शेतीबद्दल दोन विधानं सारखी कानावर येतात. पहिलं: १९९० पासून तिथल्या शेतीचं उत्सर्जन पाचव्या हिश्श्याहून जास्त उतरलं. दुसरं: एकूण उत्सर्जनात शेतीचा टक्का वाढत चाललाय. दोन्ही खरी आहेत, एकाच तक्त्यातून निघतात, तरी वाद घालणारे आपापलं एक उचलून समोरच्याला खोटं पाडतात. म्हणून हा धागा.

आकडे असे. युरोपीय संघाचे आजचे २७ देश, म्हणजे ब्रिटन सगळ्या वर्षांतून वगळलेलं. जंगल आणि जमीनवापराचा हिशेब बाहेर. सगळं कार्बन डायऑक्साइड-समतुल्य टनांत, गोळाबेरीज करून:

१९९०: शेती सुमारे ४८ कोटी टन, एकूण ४७० कोटींच्या आसपास. वाटा १० टक्क्यांच्या जरा वर.
२००५: शेती सुमारे ३९ कोटी, एकूण ४५० कोटींच्या आसपास. वाटा साडेआठ ते नऊ टक्के.
२०२१: शेती सुमारे ३८ कोटी, एकूण ३३० कोटींच्या आसपास. वाटा साडेअकराच्या घरात, आणि त्यानंतर बाराकडे सरकलेला.

आता अंश आणि छेद वेगळे करून बघा. पहिल्या पंधरा वर्षांत शेती जवळजवळ १९ टक्क्यांनी उतरली आणि एकूण बेरीज जेमतेम चार-पाच टक्क्यांनी. पुढे उलटं झालं. कोळशाची वीज गेली, पवनचक्क्या आल्या, कारखाने सुधारले, एकूण बेरीज चौथ्या हिश्श्याहून जास्त खाली आली; शेती मात्र जागच्या जागी. म्हणजे टक्का वाढला तेव्हा शेतात काहीच नवीन बिघडलं नव्हतं, आणि टक्का घटला तेव्हाही शेतात कुणी हवामानाचा विचार करून काही केलं होतं असं नाही.

चर्चेसाठी प्रश्न तीन: पहिली घट नेमकी कशाने झाली, २००५ नंतर गाडी का अडली, आणि या खात्यात शेतीचं काय काय धरलेलंच नाही?

सुगी

पहिल्या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर पूर्व युरोपात आहे. १९८९ ते १९९१ मध्ये समाजवादी राजवटी कोसळल्या. सामुदायिक आणि सरकारी शेतं मोडली, स्वस्त रशियन गॅसवर चालणारी खतं महाग झाली, मांसाची ठरलेली गिऱ्हाइकं गेली. बाल्टिक देशांत गुरांची संख्या काही वर्षांतच निम्म्याखाली आली. रुमानिया, बल्गेरियात खताचा वापर धाडकन पडला. पूर्व जर्मनीतले प्रचंड गोठे एकीकरणानंतर रिकामे झाले. १९९० ते १९९४ हा जो उभा उतार आलेखात दिसतो तो मुख्यतः हा. आणि आंतरराष्ट्रीय करारांचं आधारवर्षही नेमकं १९९०! एवढं सोयीचं आधारवर्ष कुणी मागूनही मिळालं नसतं.

पश्चिमेत कारणं वेगळी. १९८४ मध्ये दुधाचा कोटा आला. देशाने किती दूध काढायचं ते ठरलेलं, आणि गाईमागे दूध दरवर्षी वाढतंय. मग तेवढ्याच दुधाला गाई कमी लागतात. १९९१ चा नायट्रेट निर्देश आला: संवेदनशील भागात शेणखतातून हेक्टरी वर्षाला १७० किलो नत्रापेक्षा जास्त टाकायचं नाही. हे पाण्यासाठी होतं, पण त्याने नायट्रस ऑक्साइडही खाली आला. युरोपीय कृषिधोरणाच्या १९९२ च्या सुधारणेत धान्य-मांसाच्या हमीभावाला कात्री लागली, आणि २००३ च्या सुधारणेनंतर अनुदान जनावरांच्या डोक्यांपासून बरंचसं सुटं झालं. तोवर जास्त डोकी म्हणजे जास्त पैसे असं गणित अनेक ठिकाणी होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात: ३१ मार्च २०१५ ला दुधाचा कोटा संपला. आयर्लंडमध्ये दुभत्या गाई दहा-अकरा लाखांवरून सोळा लाखांच्या आसपास गेल्या. नेदरलँड्सने गाई वाढवल्या, मग शेणातल्या फॉस्फेटची मर्यादा ओलांडली म्हणून २०१७ मध्ये कमी केल्या आणि २०१८ पासून फॉस्फेट-हक्क (कुठल्या गोठ्याने किती फॉस्फेट काढायचं त्याचा परवाना) लावले.

गव्हाण

"गाईमागे दूध वाढलं की उत्सर्जन कमी" हे वाक्य जरा उकलून सांगायला हवं, कारण ते गाईमागे खरं नाही. लिटरमागे खरं आहे.

गाईचा मिथेन मोजायचं सूत्र साधं आहे. रोजच्या खाद्यातली एकूण ऊर्जा घ्यायची, त्यातला किती टक्के भाग मिथेन होऊन ढेकरेवाटे जातो तो गुणायचा, ३६५ ने गुणायचं आणि ५५.६५ ने भागायचं. ५५.६५ म्हणजे एक किलो मिथेनमधली ऊर्जा, मेगाज्यूलमध्ये.

आठ हजार किलो दूध देणारी गाय घ्या. वर्षाच्या सरासरीने रोज १८ किलो कोरडं खाद्य, किलोला १८.४५ मेगाज्यूल, म्हणजे ३३२ मेगाज्यूल. त्यातला ६.५ टक्के मिथेनला, म्हणजे २१.६. गुणिले ३६५, भागिले ५५.६५: वर्षाला सुमारे १४१ किलो मिथेन. २८ ने गुणलं (शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन म्हणजे २८ किलो कार्बन डायऑक्साइड) की जवळजवळ ४ टन समतुल्य. हे फक्त रवंथाचं, शेण वेगळं.

आता हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) २००६ च्या मार्गदर्शिकेतली पूर्व युरोपातली सरासरी गाय बघा: वर्षाला २,५५० किलो दूध, ९९ किलो मिथेन. पहिली गाय डोक्यामागे दीडपट जवळ वायू सोडते, पण किलो दुधामागे पहिलीचा हिशेब १८ ग्रॅम आणि दुसरीचा ३९. एकूण दूध कोट्याने बांधलेलं असताना याचा फायदा बेरजेत दिसतो. कोटा उठला की तो फायदा जास्तीच्या दुधात विरतो.

काय चुकतं: लोक ६.५ हा आकडा सगळीकडे चिकटवतात. मार्गदर्शिकेच्या २०१९ च्या सुधारणेत तो दुधाच्या पातळीनुसार आणि चाऱ्यातल्या तंतूनुसार फोडलाय. वरच्याच गाईला ६.३ लावला तर १३७ किलो येतात. साडेआठ हजार किलोंच्या पुढची, चांगल्या पचनाचं खाणारी गाय ६ आणि त्याखालीही जाते. गोठ्यात काडीइतका बदल न होता कागदावर तीन-चार टक्क्यांची घट!

वाटसरू

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. ट्रॅक्टरचं डिझेल, पंपाची वीज, खताचा कारखाना, ब्राझीलहून येणारी सोयापेंड हे त्या ३८ कोटी टनांत आहे का?

नत्रवही

वाटसरू, यातलं काहीच नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच सुरू होतं, म्हणून जरा लांबण लावतो.

राष्ट्रीय वायू-नोंदवहीत "शेती" हे खातं क्रमांक ३ आहे. त्यात येतं ते: रवंथाचा मिथेन (युरोपीय संघात जवळजवळ निम्मा), शेणमूत्र साठवणुकीचा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड (सहावा हिस्सा म्हणा), शेतजमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड (तीस टक्क्यांच्या आसपास), आणि किरकोळीत भातशेती, पाचट-काड जाळणं, चुना आणि युरिया. भात इटलीच्या पो खोऱ्यात आणि स्पेनमध्ये वालेन्सिया, एब्रोचा त्रिभुज प्रदेश अशा मोजक्या ठिकाणी, म्हणून त्याचा आकडा नगण्य.

ट्रॅक्टर आणि हरितगृहं तापवायचा गॅस ऊर्जेच्या खात्यात. पंपाची वीज वीजकेंद्राच्या नावावर. सोयापेंडीसाठी जंगल तुटलं असेल तर ते ब्राझीलच्या जमीनवापरात. खताचा कारखाना उद्योगात.

या शेवटच्यावर जरा थांबा. अमोनियाच्या टनामागे नैसर्गिक वायूवर दीड-दोन टन कार्बन डायऑक्साइड जातो. नायट्रेट खतासाठी पुढे नायट्रिक आम्ल लागतं, आणि ते बनवताना प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळीवर अमोनिया जाळतात तेव्हा टनामागे पाच ते नऊ किलो नायट्रस ऑक्साइड निघायचा. जाळीच्या खाली दुसऱ्या उत्प्रेरकाचा थर बसवला की तो तिथेच फुटतो. २०१३ पासून हे कारखाने युरोपच्या उत्सर्जन-व्यापारात आले, म्हणजे प्रत्येक टनाला पैसे पडू लागले, आणि हा वायू जवळजवळ नाहीसा झाला. शेतीच्या नावाने झालेली बहुधा सर्वांत स्वस्त कपात ही, आणि ती शेतीच्या खात्यात एक टनानेही दिसत नाही.

युरियाचं उलट. युरिया बनवताना कारखान्यात धरलेला कार्बन डायऑक्साइड शेतात सुटतो, म्हणून तो शेतीत मोजतात: टन युरियामागे ७३३ किलो.

आता शेतातलं नत्र. १०० किलो नत्र टाकलं तर ठोक गुणकाने (सगळीकडे सरसकट लावायच्या दराने) १ किलो नायट्रस ऑक्साइडच्या रूपात थेट जातं. उडून गेलेल्या अमोनियातून आणखी ०.१, वाहून-झिरपून गेलेल्या नायट्रेटमधून ०.२२५. एकूण १.३२५ किलो नत्र. ४४ भागिले २८ ने गुणलं की २.०८ किलो वायू, गुणिले २६५ (मिथेनला २८ तसा नायट्रस ऑक्साइडला हा), म्हणजे साडेपाचशे किलो समतुल्य. हेच नत्र युरियातून दिलं असेल तर त्याचे आणखी १५९ किलो.

इथली गोम अशी की हा गुणक पोत्यातल्या नत्राला लागतो, शेतातल्या कौशल्याला नाही. तुम्ही नत्र तीन हप्त्यांत द्या, पाऊस बघून द्या, ओल्या चिकणमातीत द्यायचं टाळा. ठोक गुणक वापरणाऱ्या देशाच्या वहीत काही फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त किलो कमी झाले तर.

सुगी

नत्रवही, याला जोडून आयर्लंडचं उदाहरण सांगा ना. तिथे हा गुणक बदलून घेतला गेला.

नत्रवही

हो. आयर्लंडमध्ये गवताला कॅल्शियम अमोनियम नायट्रेट देण्याची रीत. थंड, ओल्या जमिनीत नायट्रेट भरपूर असलं की जिवाणू त्याचा नायट्रस ऑक्साइड करतात. तिथल्या टीगास्क या कृषिसंशोधन संस्थेने शेतात मोजमाप घेतलं: या खताचा गुणक १.४ टक्के निघाला, युरियेज-रोधक लावलेल्या युरियाचा ०.४. म्हणजे ७१ टक्के कमी. मग देशाने स्वतःचे गुणक वहीत लावले आणि खताचा प्रकार बदलणं कागदावरही मोजलं जाऊ लागलं.

साधा युरिया का नको? कारण त्यातला अमोनिया उडतो. रोधकाने युरिया फुटायचा वेग मंदावतो, तोवर तो पावसाने मुरतो.

अवांतर: आपल्याकडे २०१५ पासून सगळा अनुदानित युरिया कडुनिंबाचं तेल लावून येतो. ते काम वेगळं आहे. निंबाचा रोख अमोनियाचं नायट्रेट होण्यावर, तिथला रोधक त्याच्या आधीच्या पायरीवर. दोन्हींना "संरक्षित युरिया" म्हणून एकाच पंगतीत बसवणारे लेख वाचलेत, ते बाजूला ठेवा.

पाणथळ

तिसऱ्या प्रश्नातला सगळ्यात मोठा दगड अजून कुणी उचलला नाही: पीटची जमीन.

उत्तर जर्मनी, नेदरलँड्स, पोलंड, डेन्मार्क, बाल्टिक आणि नॉर्डिक देश. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे मीटर-दोन मीटर जाडीचे काळे थर, शेकडो वर्षांत चर खणून सुकवलेले आणि कुरणाखाली किंवा नांगराखाली आणलेले. पाण्याची पातळी खाली गेली की हवा आत शिरते आणि थर जळाल्यासारखा संपत जातो. समशीतोष्ण पट्ट्यात सुकवलेल्या पीटवर पीक घेतलं तर ठोक हिशेबाने हेक्टरी वर्षाला ७.९ टन कार्बन, म्हणजे २९ टन कार्बन डायऑक्साइड. गव्हाच्या चांगल्या शेतातलं खत, डिझेल सगळं धरूनही त्याच्या जवळपास जात नाही.

जर्मनीत अशी जमीन शेतीच्या क्षेत्राच्या सुमारे ७ टक्के आहे, आणि देशाच्या एकूण उत्सर्जनाच्याही साधारण ७ टक्के तिच्यातून येतं. पण वहीत तिचे तुकडे झालेत: नायट्रस ऑक्साइड शेतीच्या खात्यात, कार्बन डायऑक्साइड जमीनवापराच्या खात्यात, जिथे तो जंगलांनी शोषलेल्या कार्बनमध्ये वजा होऊन दिसेनासा होतो. "शेतीचा वाटा ११ टक्के" म्हणताना हे बाहेर राहतं.

उपाय एकच, पाणी परत वर आणणं. पातळी पृष्ठभागापासून दहा-वीस सेंटिमीटरवर आली की कार्बन डायऑक्साइड बराच थांबतो. पार बुडवलं तर मिथेन वाढतो, विशेषतः वरची सुपीक माती तशीच ठेवली तर. दुसरी अडचण: एका शेतकऱ्याचा चर बुजवून भागत नाही. पाण्याची पातळी शेजाऱ्याच्या बांधाला थांबत नाही, त्यामुळे अख्खं पाणलोट एका वेळी ठरवावं लागतं.

कोरडवाहू

मला एक कळत नाही. गाईंची संख्या स्थिर असेल तर जुना मिथेन विरतो आणि नवा तेवढाच येतो. मग तापमानात भर कुठे पडते? वातावरणात मिथेन बारा वर्षांच्या आसपास टिकतो. शंभर वर्षांच्या गुणकाने त्याला कार्बन डायऑक्साइडच्या रांगेत उभं करणं गाईवर अन्याय नाही का?

गव्हाण

कोरडवाहू, पहिलं अर्धं बरोबर. स्थिर मिथेन नवी तापमानवाढ फारशी करत नाही. पण आधी केलेली धरून ठेवतो, आणि युरोपातला गोठा काही कमी तापमानवाढ धरून बसलेला नाही. युरोपीय संघाच्या मिथेनपैकी निम्म्याहून जास्त शेतीचा. शिवाय अल्पायुषी असणं हीच त्याच्या कपातीची मोठी बाजू: कमी केला तर परिणाम दोन-तीन दशकांत दिसतो. हा युक्तिवाद करणारे बहुधा फक्त पहिलं वाक्य वापरतात. नायट्रस ऑक्साइडला तर तो लागूच नाही, तो शंभर वर्षांहून जास्त टिकतो आणि त्याचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग शेतीतला.

हिशेबाची बाब म्हणाल तर देशांच्या नोंदीसाठी शंभर वर्षांचा गुणक हा ठरलेला नियम आहे. दुसरं एकक शेजारच्या रकान्यात जरूर द्या, पण वाटा काढताना एकच.

वाटसरू

मग गोठ्यात प्रत्यक्ष काय करता येतं? ती मिथेन कमी करणारी पूड खरंच चालते का?

ऑर्हूसकर

चालते, पण अटी आहेत. बोव्हेअर नावाने विकली जाते, घटक ३-नायट्रोऑक्सिप्रोपेनॉल. युरोपीय संघाने दुभत्या गाईंसाठी २०२२ मध्ये मान्यता दिली. मात्रा किलो खाद्याला साठ ते ऐंशी मिलिग्रॅम, म्हणजे गाईला दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास. मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या शेवटच्या पायरीचं विकर ती अडवते. दुभत्या गाईत घट साधारण ३० टक्के.

कुठे फसतं: रेणू काही तासांत फुटतो. म्हणून प्रत्येक घासात हवा, म्हणजे सगळं खाद्य कालवून देणारा गोठा हवा. मिक्सरमध्ये आधी थोड्या पेंडीत मिसळून मग टाकावी लागते, नाहीतर एका गाईला जास्त आणि दुसरीला काहीच नाही. चाऱ्यात तंतू जास्त असले की परिणाम उतरतो. आणि चरणाऱ्या गाईला दोन धारांच्या वेळी खुराकातून दिली तर मधल्या तासांत फारसा उपयोग नाही. म्हणूनच डेन्मार्कला ती जितकी सोयीची तितकी आयर्लंडला नाही.

स्लरीचं, म्हणजे पातळ शेणमूत्राचं, काम मला त्याहून भरवशाचं वाटतं. डुकरांच्या गोठ्यात जाळीखालच्या खड्ड्यात ती महिना-दीड महिना उबेत साचते आणि तिथेच मिथेन होतो. दर आठवड्याला बाहेरच्या थंड टाकीत काढली तर तो बराच टळतो. खर्च मजुरीचा आणि झडपांचा. दुसरी रीत आम्ल घालायची: सल्फ्युरिक आम्लाने सामू साडेपाच-सहावर आणला की अमोनिया आणि मिथेन दोन्ही दबतात. फेस येतो, त्यामुळे टाकीत जागा ठेवूनच घालायचं. काँक्रीट खाल्लं जातं. आणि अशी स्लरी बायोगॅसमध्ये थोडीच चालते, कारण गंधक वाढतं. बायोगॅस करायचा असेल तर आम्ल विसरा, स्लरी ताजी न्या. आणि संयंत्र गळकं नको. दोन-चार टक्के गळती झाली तरी कमावलेलं बरंच जातं.

वाटसरू

आणि तो डेन्मार्कचा गाईवरचा कर?

ऑर्हूसकर

"गाईवरचा कर" हे बातमीचं शीर्षक. २०२४ मध्ये सरकार, शेतकरी संघटना आणि पर्यावरणवाल्यांचा करार झाला, त्याच वर्षी संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पशुधनाच्या उत्सर्जनाला २०३० पासून टनाला ३०० क्रोनर, २०३५ मध्ये ७५०. पण त्या जनावराच्या सरासरी उत्सर्जनाच्या ६० टक्क्यांपर्यंत सूट. म्हणून सरासरी गोठ्याला प्रत्यक्षात टनाला १२०, पुढे ३०० पडतात. गाईचे वर्षाला ६ टन धरले तर सुरुवातीला ७२० क्रोनर. गाय दहा हजार किलो दूध देत असेल तर किलोला ७ ओर (क्रोनरचे शंभरावे भाग).

खरी मेख सूट देण्याच्या रीतीत आहे. सूट ठरलेली, पण वाचवलेल्या प्रत्येक टनाला पूर्ण ३०० वाचतात. म्हणजे सरासरीहून ४० टक्के खाली गेलेल्याला शून्य, आणि सरासरीच्या वरच्याला चढता दर. करारात १ लाख ४० हजार हेक्टर सखल पीट जमीन शेतीतून काढायचंही आहे. पाणथळ यांनी वर लिहिलेलं पाहता करापेक्षा हे कलम मोठं, पण त्यावर मथळे झाले नाहीत.

सुगी

देशादेशांतला फरक किती टोकाचा आहे तेही नोंदवतो. आयर्लंडमध्ये राष्ट्रीय उत्सर्जनात शेतीचा वाटा ३८ टक्क्यांच्या आसपास. अवजड उद्योग कमी, माणसं कमी, गाई भरपूर. जर्मनीत हाच वाटा एक-अंकी, कारण छेदात मोटारी आणि पोलाद. त्यावरून जर्मन गोठा आयरिश गोठ्यापेक्षा स्वच्छ ठरत नाही.

भारताचं चित्र याच्या बरोबर उलट. १९९४ च्या राष्ट्रीय नोंदवहीत शेतीचा वाटा २८ टक्के होता, २०१६ च्या नोंदवहीत १४. शेतीचं उत्सर्जन मात्र ३४ कोटी टनांवरून ४१ कोटींकडे वाढलेलं. टक्का निम्मा झाला तो कोळसा वाढल्यामुळे.

आकडेमोड

सगळ्यांचे आभार. आलेख स्वतः काढणाऱ्यांसाठी, कुठे घसरायला होतं ते लिहून ठेवतो.

एकाच आवृत्तीतली सगळी वर्षं घ्या. दरवर्षी देश फक्त नवं वर्ष जोडत नाहीत, १९९० पासूनची पूर्ण मालिका नव्याने मोजतात. २०१० च्या अहवालातलं १९९० आणि या वर्षीच्या अहवालातलं १९९० हे वेगळे आकडे आहेत.

गुणक तपासा. जुन्या अहवालांत मिथेनला २१ आणि नायट्रस ऑक्साइडला ३१०, मग २५ आणि २९८, आता २८ आणि २६५. शेवटच्या बदलाने गाय १२ टक्क्यांनी जड झाली आणि खत ११ टक्क्यांनी हलकं. युरोपच्या शेतीच्या बेरजेत हे एकमेकांना बरंचसं खातं, निव्वळ फरक तीनेक टक्के. पण एकट्या आयर्लंडसारख्या देशात गाईचं पारडं जड असल्याने जास्त.

खात्यांचे क्रमांक बदललेत. २०१५ च्या आधीच्या तक्त्यांत शेती ४ क्रमांकावर होती आणि ५ म्हणजे जमीनवापर. आता ३ शेती, ४ जमीनवापर, ५ कचरा. जुनी फाइल आणि नवी फाइल क्रमांकाने जोडली तर शेतीच्या जागी जंगल येतं, आणि रेघ शून्याच्या खाली गेल्यावरच कळतं. चुन्याचा कार्बन डायऑक्साइडही याच फेरबदलात जमीनवापरातून शेतीत आला.

छेद कुठला ते लिहा. जंगलांचं शोषण वजा करून छेद घेतला तर शेतीचा टक्का आपोआप फुगतो. आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक युरोपीय पर्यावरण संस्थेच्या काही बेरजांत धरलेली असते, संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यात नसते. आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या विदेत "युरोप" म्हणजे रशिया-युक्रेनसकट खंड. तिथे जंगलतोडीपासून फ्रिजपर्यंतची अख्खी अन्नसाखळीही मिळते, पण ती वेगळी मोजणी. अशा मोजणीचा जगाचा ३४ टक्क्यांसारखा आकडा (२०१५ सालचा) इथल्या ११ शेजारी ठेवायचा नाही.

कोरडवाहू

अंतिम आकडे दोन वर्षं मागे का असतात?

आकडेमोड

पशुगणना, खतविक्री, पिकांचा ताळा हे सगळं वर्ष संपल्यावर जमतं. देश १५ मार्चपर्यंत युरोपीय आयोगाला देतात, संघ १५ एप्रिलपर्यंत संयुक्त राष्ट्रांना, आणि ते असतं दोन वर्षांपूर्वीच्या वर्षाचं. मधल्या वर्षासाठी अंदाजी आकडा निघतो. तो वापरायचा तर रेघ तुटक काढा. उदाहरणार्थ २०२२ मध्ये गॅस भडकला, खत महागलं, नत्राचा वापर उतरला. अशा वर्षी आधीच्या कलावर काढलेला अंदाज आणि खरी नोंद यांत अंतर पडतं, आणि ते बहुतेक सगळं शेतजमिनीच्या नायट्रस ऑक्साइडच्या ओळीत असतं. आधी ती ओळ बघा.